चौकोनी टबाचे मेटॅग आणि त्याचे दोन रोल

बेळगावच्या कॅम्पातील एका जुन्या बंगल्याची आवराआवर चालू असताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेले मेटॅगचे चौकोनी ॲल्युमिनियम टबाचे वॉशिंग मशीन मी तीन वर्षांपूर्वी किलोच्या भावाने विकत घेतले. ही यंत्रे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी तयार होत, आणि दोन रबरी रोलमधून कपडे पिळणारा हा प्रकार त्या कंपनीने 1983 पर्यंत चालू ठेवला होता. आमच्याकडे पावसाळ्यात चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. त्यामुळे पिळणी दिसताच मोह आवरला नाही.

पहिला अडसर ॲजिटेटरचा, म्हणजे टबातील घुसळणीचा होता. वर्षानुवर्षांच्या साबणाने आणि गंजाने ती दांड्यावर इतकी घट्ट बसली होती, की पहारीने उचकटण्याचा विचार मनात आला. परंतु टब ओतीव ॲल्युमिनियमचा असल्याने तसे केले असते तर त्याला तडा गेला असता. शेवटी टबात कढत पाणी ओतून, पंखांखाली सुती दोर अडकवून दोन्ही बाजूंनी सारखा ओढ दिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती सुटली. खालच्या गिअरपेटीतील तेल काकवीसारखे दाट झाले होते, मात्र दाते शाबूत होते.

मोटारीच्या बाबतीत चूक माझीच झाली. तिच्या पाटीवर 115 व्होल्ट आणि 60 सायकल (म्हणजे विजेची वारंवारता, हर्ट्झ) असे लिहिले होते, आणि मी केवळ व्होल्टेजचा विचार करून 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब कमी करतो, वारंवारता बदलत नाही; आपल्या 50 सायकलवर अशा मोटारीचा वेग मिनिटाला 1725 फेऱ्यांवरून 1440 च्या आसपास उतरतो, तिच्या लोखंडी गाभ्यावर चुंबकीय ताण वाढतो आणि ती नेहमीपेक्षा जास्त तापते. वीस मिनिटांत व्हार्निश जळाल्याचा वास आला. तेव्हा ती काढून ठेवली आणि इथे सहज मिळणारी 230 व्होल्टची, 1440 फेऱ्यांची मोटार बसवली. घटलेला वेग भरून काढण्यासाठी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत मोटारीची पुली मूळ पुलीपेक्षा एक पंचमांश मोठी करून घेतली. यंत्र मूळ रूपातच ठेवावे असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण जळक्या मोटारीचे यंत्र नुसते पाहायला ठेवण्यात मला रस नव्हता.

खरा वेळ गेला तो रोलमध्ये. जुने रबर काचेसारखे कडक होऊन चिरले होते. रोलवर नवे रबर चढवताना जुने पूर्ण खरवडून काढतात, दांड्याला चिकटद्रव्य लावून कच्च्या रबराचे थर गुंडाळतात, ते वाफेच्या दाबाखाली पक्के करतात आणि मग घासून हव्या त्या व्यासाला आणतात. टिकाऊ हवे म्हणून मी कडक, काळे रबर मागितले. पहिल्याच धुण्यात सदऱ्याची तीन बटणे फुटली आणि पांढऱ्या पंचावर काळे पट्टे उमटले, कारण काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते. तो रोल पाहून लेथवर काम करणारे टर्नरकाका हसले. "साहेब, हे रबर खानापूरकडच्या भाताच्या गिरणीला चालतंय, कापडाला मऊ पाहिजे," असे ते म्हणाले, आणि शेजारच्या कामगाराने कन्नडमध्ये "आगतैति बिड्री" (होतंय, सोडा हो) म्हणत रोल उचलून आत नेला. दुसऱ्या वेळी पांढरे, बरेच मऊ रबर चढवले. आता बटणे आत दुमडून घातली की सदरा सहीसलामत बाहेर पडतो आणि जाड चादरीचेही बहुतेक पाणी एका फेरीत निघते.

मूळ वायरीला अर्थिंग नव्हते, आणि हे यंत्र ओल्या फरशीवर चालते. म्हणून तीन पिनांचा प्लग, टबाच्या सांगाड्याला अर्थिंगची तार आणि विजेच्या फलकावर 30 मिलिॲम्पिअर गळतीला तुटणारा स्विच, एवढे झाल्याशिवाय मी घरात कोणाला यंत्राला हात लावू दिला नाही. रोल एकदम सैल सोडणारी दांडी दर महिन्याला तपासतो, कारण पदर, वेणी किंवा बांगडीसह हात आत ओढला जाऊ लागला तर तेवढाच उपाय हाताशी असतो. पदर खोचल्याशिवाय आईला मी यंत्राजवळ येऊ देत नाही. ती त्यावर चिडते, तो भाग वेगळा.

देखभाल फारशी नाही. काम संपताच वरचा दाबाचा स्क्रू सैल करावा लागतो, नाहीतर रोल एकाच जागी दबून चपटे होतात. रबराला रॉकेल लावू नये, साबणाच्या पाण्याने पुसावे. गोधडीसाठी आमच्या घरात सर्रास वापरला जाणारा धुण्याचा सोडा मात्र या टबाला वर्ज्य आहे, कारण तो ॲल्युमिनियम काळे पाडतो आणि खातो. त्यामुळे गोधड्या अजूनही मागच्या अंगणातल्या दगडावरच धुतल्या जातात, आणि पिळण्यापुरत्या तेवढ्या यंत्राकडे येतात.