ऑपरेशनं तर बंद होती, मग तुम्ही काय करत होतात?

कोविडचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. मी भूलतज्ज्ञ. मार्च २०२० पासून देशोदेशी नियोजित ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, म्हणजे सर्जन मोकळे आणि त्यांच्याबरोबर आम्हीही, असा लोकांचा सरळ हिशोब. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: काही सर्जनांचे हात खरंच रिकामे होते. आमचे नव्हते, आणि ऑपरेशनं थांबण्याचं एक मोठं कारण तेच होतं.

मेंदूतली गाठ काढायची तर लोकांना सर्जन दिसतो. त्याच्यामागे एक-दोन रात्रींसाठी आयसीयूतला बेड लागतो, तिथलं काम जाणणारी सिस्टर लागते, रक्त लागतं, भूल देणारं माणूस लागतं. नेमकं हेच सगळं कोविडने उचलून नेलं. ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या रिकव्हरी रूमचे आयसीयू झाले. भुलेची मशीन व्हेंटिलेटर म्हणून वापरली गेली. काही तास चालावं म्हणून बनवलेलं ते यंत्र दिवसच्या दिवस चालवायचं, तर नळ्यांत पाणी साचतं, कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, शेजारी आमच्यापैकी कुणीतरी हवंच. स्नायू शिथिल करणारी आणि झोपेची इंजेक्शनं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, लागतात तीच व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही, फक्त तिथे ती दिवसरात्र चालू असतात. त्यामुळे सर्जन हजर, मायक्रोस्कोप हजर, पेशंट उपाशीपोटी तयार, आणि ऑपरेशन रद्द.

खुद्द ओटीची हवासुद्धा अडचणीची. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून तिथला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. तोच दाब आतला विषाणू कॉरिडॉरमध्ये ढकलू शकतो. म्हणून घशात नळी घालताना बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, हवा बदलली की आत यायचं. दोन केसेसच्या मधला वेळ वाढला आणि दिवसाची यादी आखडली.

झळ सगळ्या विभागांना सारखी बसली नाही. कान-नाक-घसावाले सर्वांत आधी धास्तावले, आणि त्यात नवल नव्हतं. विषाणूचा मुक्काम नाकात आणि घशात, यांचं कामही तिथेच. कानामागच्या हाडावर ड्रिल चालवलं की तुषार उडतात. पुन्हा व्हेंटिलेटरवर आठवडे काढणाऱ्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायलाही बऱ्याच ठिकाणी त्यांनाच बोलावणं. नाकावाटे दुर्बिणीने पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, गाठ काढणारे न्यूरोसर्जनही तसेच हबकले होते. नेत्रतज्ज्ञ तर पेशंटच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून तपासतो. वुहानमध्ये सहकाऱ्यांना सावध करणारे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गेलेले ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञच होते. हाडांच्या विभागात गुडघे बदलणं थांबलं, पण म्हातारी माणसं घरात पडायची थांबली नाहीत; खुब्याची फ्रॅक्चर्स येतच राहिली.

मग धोका पत्करून ऑपरेशनं उरकून का टाकली नाहीत? कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाने मे २०२० मध्ये २४ देशांतल्या ११२८ पेशंटांची माहिती प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या आगेमागे ज्यांना कोविड झाला होता, त्यांतले जवळपास चौथा हिस्सा लोक तीस दिवसांत दगावले होते. तो आकडा आल्यावर ‘करूनच टाकू’ म्हणणाऱ्यांशी मला फारसा वाद घालावा लागला नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच गटाचा सल्ला आला की संसर्गानंतर शक्यतो सात आठवडे थांबा.

थांबण्याचीही किंमत होतीच. कॅन्सरच्या ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, हे २०२० मध्येच मांडलं गेलं होतं. म्हणून आजार किती झपाट्याने वाढतो ते पाहून क्रम लागायचा. ते मला आजही योग्यच वाटतं. पण त्यात दुखऱ्या खुब्याचा माणूस दर वेळी तळाला जायचा, आणि वर्षभराने टेबलावर यायचा तेव्हा मांडीचे स्नायू सुकलेले, साखर वाढलेली, भूल देणं आधीपेक्षा जोखमीचं. हा उशीर लवकर भरून येत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयातल्या उपचारांची प्रतीक्षायादी साथीआधी ४५ लाखांच्या आसपास होती, २०२३ मध्ये ती ७७ लाखांवर गेली. जिथे अशी यादीच ठेवली जात नाही, तिथे थांबलेल्यांची मोजदादही नाही.

रेसिडेंट डॉक्टरांचं तर कुणी विचारतही नाही. सर्जरी शिकायची ती हात चालवून. ऐन शिकायच्या वर्षांत ही मुलं पीपीई घालून कोविड वॉर्डात उभी होती. ऑक्सिजन द्यायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकलं नसेल. दुर्बिणीतून टाके घालायचे मात्र राहून गेले.

पुढच्या साथीत काय करावं, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. नियोजित ऑपरेशनांसाठी वेगळी इमारत, वेगळे बेड, तिथे साथीचा पेशंट न्यायचाच नाही, हा उपाय मला पटतो. कॅन्सरच्या पेशंटांमध्ये अशा वेगळ्या व्यवस्थेत फुप्फुसांची गुंतागुंत निम्म्याहून कमी आढळली होती. इमारत उभी करता येते, बेडही विकत मिळतात. भूलतज्ज्ञ आणि आयसीयूतल्या सिस्टर मात्र दोन्हीकडे लागतात, आणि त्या तयार व्हायला वर्षं जातात.