सिंड्रेलाची कबुतरं

परीकथेत सफरचंद दिसलं की कुणीतरी लगेच बायबलमधल्या एदेन बागेची, तिथल्या निषिद्ध फळाची आठवण काढतंच. हिमगौरीने सफरचंद खाल्लं म्हणजे ती हव्वा, सावत्र आई म्हणजे साप, आणि काचेच्या पेटीतून ती उठली की झालंच पुनरुत्थान! हिशेब इतका चटकन जुळतो की मला त्याचा संशयच येतो. एक तर बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ते फळ कुठलं हे सांगितलेलंच नाही. शिवाय लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टीत हिमगौरी राजपुत्राच्या चुंबनाने उठत नाही. पेटी वाहणारे नोकर झुडपाला अडखळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला तुकडा बाहेर पडतो. पुनरुत्थान म्हणायचं तर म्हणा, पण ठेच लागून झालेलं.

त्याच गोष्टीत एक साधी ओळ आहे, तिच्यापाशी मात्र मी दर वेळी थांबते. पेटीजवळ पाखरं रडायला येतात. आधी घुबड, मग डोमकावळा, शेवटी कबुतर. घुबड ग्रीकांच्या अथेना देवीचं, डोमकावळा उत्तर युरोपातल्या ओडिन देवाचा आणि कबुतर ख्रिस्ती लोकांच्या पवित्र आत्म्याचं, असा अर्थ लावणारे आहेत. म्हणजे युरोपने एकामागून एक मानलेले देव त्या मुलीच्या उशाशी रांगेने येऊन गेले! खरं असो नसो, वाचायला झकास वाटतं.

एरवी ग्रिमच्या गोष्टींत ख्रिस्ती धर्म शोधायला फार खणावं लागत नाही, तो वरच पेरलेला आहे. पहिला खंड १८१२ चा, सातवी आवृत्ती १८५७ ची. मधल्या काळात धाकटा भाऊ विल्हेल्म या गोष्टींवरून हात फिरवत राहिला. सिंड्रेलाची आई मरताना आधी म्हणायची, की मी स्वर्गातून तुझ्याकडे बघेन, माझ्या थडग्यावर झाड लाव, फक्त भाविक राहा, चांगली वाग. पुढे तिच्या तोंडी देवही आला: भाविक राहा, चांगली वाग, म्हणजे देव तुझ्या पाठीशी राहील. डॅनिश लेखक अँडरसन तर काही लपवतच नाही. त्याच्या १८४४ च्या ‘हिमराणी’ या गोष्टीत गेर्डा ही मुलगी प्रभूची प्रार्थना म्हणते, थंडीने तिच्या श्वासाची वाफ होते आणि त्या वाफेतून शिरस्त्राणं, भाले, ढाली घेतलेले देवदूत उभे राहतात. इथे प्रतीक कसलं शोधायचं? तो सरळ सांगूनच मोकळा होतो.

मला खरी गंमत वाटते ती सिंड्रेलाच्या लग्नाची. तिच्या दोन्ही खांद्यांवर कबुतरं बसलेली, वरात चर्चकडे निघालेली, आणि सावत्र बहिणी लाडीगोडी लावत दोन बाजूंनी चालताहेत. आत जाताना कबुतरं दोघींचा एकेक डोळा फोडतात. लग्न लागून बाहेर येताना बाजू बदलतात, तेव्हा उरलेला. तेही देवळाच्या वाटेवर! १८१२ च्या गोष्टीत हे नव्हतं. ज्या हाताने आईच्या तोंडी देव घातला, त्याच हाताने हे डोळे फोडणंही घातलं. या कबुतरांना पवित्र आत्मा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फार तर बायबलच्या जुन्या करारातली म्हणता येतील, पण तिथेही डोळ्याबद्दल डोळा असा हिशेब होता. इथे सिंड्रेलाचे दोन्ही शाबूत आहेत.