पंचांगातले विज्ञान

विज्ञान पुढे आले की धर्म मागे सरतो, हे विधान पंचांगाच्या इतिहासाला लावून पाहिले तर ते फारसे टिकत नाही.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, कारण जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पुढे तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे या ग्रंथावरूनच होत राहिली, आणि आकाशाचे वेध (निरीक्षणे) घेऊन लिहिलेला हा ग्रंथ नव्या वेधांना विरोध करणाऱ्यांचा आधार बनला.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक गणितावर आधारलेले पंचांग सुरू केले व त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी त्याचा पुरस्कार केला. या सुधारकांची भूमिका धर्मविरोधी मुळीच नव्हती. तिथी चुकली तर एकादशी आणि श्राद्धही चुकते, म्हणून गणिताला दृक्प्रत्यय हवा, म्हणजे ते प्रत्यक्ष आकाशाशी जुळायला हवे, असे ते म्हणत. सनातनी पक्षाने त्यावर ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे वचन पुढे केले: तिथी साठ घटिकांपेक्षा (घटिका म्हणजे 24 मिनिटे) फार तर पाच घटिका वाढते व सहा घटते. प्रत्यक्षात चंद्राची गती एवढी बदलते की वाढ सातपर्यंत आणि क्षय दहापर्यंत जातो. हा वाद सुधारकांनी बहुतांशी जिंकला, आणि आज दृक्‌गणिताने काढलेल्या तिथीला उपवास करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. श्रद्धा जिथल्या तिथे राहिली. तिथी ठरवण्याचा अधिकार तेवढा ग्रंथाकडून वेधशाळेकडे गेला.

याउलट, भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेली आणि 22 मार्च 1957 पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका खऱ्या अर्थाने धर्मनिरपेक्ष होती, आणि बहुधा म्हणूनच ती राजपत्राच्या व आकाशवाणीच्या पलीकडे कोणाच्या घरात शिरली नाही.

सण हलवायची वेळ आली की मात्र गणिताची ही मान्यता थांबते. उत्तरायण 21 किंवा 22 डिसेंबरला सुरू होते हे शाळेतले मूलही जाणते, तरी तिळगूळ आपण जानेवारीच्या मध्यावरच वाटतो. आणि राशिचक्राचा आरंभ रेवती ताऱ्यापासून धरणाऱ्या टिळक पंचांगाची संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते. आरंभ बहुतेक पंचांगांप्रमाणे चित्रा ताऱ्यावरून ठरवायचा की रेवतीवरून, याचा निकाल कोणतीही दुर्बीण देऊ शकत नाही.