पंचम नक्की कुठे उतरत होता

तानपुऱ्याचा पंचम उतरल्यासारखा वाटायचा. रेकॉर्डिंगमधला तानपुरा उतरत नाही हे कळत होतं, तरी ऐकताना हात खुंटीकडे जावा असं व्हायचं.

गायकाचा षड्ज काळी एक. म्हणजे खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झला आणि पंचमाची १०४ च्या आसपास. खोलीत मात्र आणखी एक स्वर होता. बारीक, सलग, पंचमाच्या जरासा खाली आणि तीव्र मध्यमाच्या जरासा वर. फोनवरच्या ट्यूनरने तो १०० हर्ट्‌झ दाखवला. घरची वीज ५० हर्ट्‌झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतो, म्हणून त्याची गुणगुण दुप्पट, १०० ला येते. ज्यांना गाणं सुरात ऐकायची सवय आहे त्यांना मी सांगायला नको की शेजारच्या स्वराइतका त्रास दूरचा स्वर देत नाही.

माझा पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतली वीज गाळून गाण्याच्या उपकरणांना देणारी पेटी, तेरा वर्षांचा. आठ सॉकेटची काळी पेटी, पुढे दोन दिवे. लाल दिवा वीज चालू असल्याचा, हिरवा आतलं संरक्षण शाबूत असल्याचा. हिरवा कधी विझला ते घरात कुणालाच सांगता येईना. गुणगुण सुरू झाली त्याच सुमाराला माझं तिकडे लक्ष गेलं आणि मी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. पेटी म्हातारी झाली, वीज नीट गाळली जात नाही, म्हणून आवाज येतो. आता मोठी पेटी घ्यायची.

मोठी म्हणजे रीजनरेटर. हा प्रकार वीज गाळत नाही, नव्याने तयार करतो. येणाऱ्या एसीची, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची, आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करायची आणि तिच्यापासून स्वतःची स्वच्छ एसी बनवून उपकरणांना द्यायची. एका अर्थी तोही एक ॲम्प्लिफायरच, फक्त त्याला ५० हर्ट्‌झचा एकच स्वर गायचा असतो. विक्रेत्याने आठ दिवस घरी ऐकायला दिला. नवरा आणि मी, दोघांनी मिळून उचलून ठेवला. पहिल्याच संध्याकाळी गुणगुण गेली. कमी झाली नाही, गेलीच. विलंबित आलापात दोन स्वरांमधली जागा रिकामी ऐकू आली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि नुसती बसून राहिले. घ्यायचाच, असं त्या रात्री माझ्यापुरतं ठरलं होतं.

अडचण एवढीच होती की तो तापायचा, आणि तापला की त्याचा पंखा सुरू व्हायचा. चौथ्या दिवशी पंख्याला कंटाळून मी तो बंद केला आणि माझ्या ॲम्प्लिफायरची, म्हणजे ॲम्पची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावली. शांत. मग सातच्या सुमाराला अचानक तोच खालचा पंचम सुरू झाला. मी उठून स्पीकरला कान लावला, तिथे काहीच नाही. ॲम्पच्या पेटीवर हात ठेवला तर बोटांना कंप लागला. इतके दिवस मी गृहीत धरलं होतं की आवाज गाण्यात मिसळून स्पीकरमधून येतोय. तो ॲम्पच्या पोटातून, सरळ हवेत येत होता.

दहा मिनिटांनी थांबला, आणि आतून लेक ओले केस मोकळे सोडून बाहेर आली. दोन महिन्यांपासून ती संध्याकाळी पोहायला जाते.

"हेअर ड्रायर पुन्हा लाव गं."

"आई, वाळलेत माझे केस."

"तरी लाव. कमी वेगावर."

गुणगुण सुरू. मग मी तिला वेग पूर्ण वाढवायला सांगितला. गुणगुण बंद! हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. जास्त वीज ओढल्यावर आवाज वाढायला हवा होता.

माझा आतेभाऊ विद्युत अभियंता आहे. दादाला फोन केला तर तो ऐकता ऐकताच म्हणाला, "अगं, कमी वेगावर त्यात एक डायोड मध्ये येतो, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. अर्धीच लाट वापरतो तो. तुझ्या लायनीवर डीसी चढतेय."

रविवारी तो मीटर घेऊन आला. सोबत त्याने रेझिस्टर आणि कपॅसिटरची एक छोटी जोडणी बनवून आणली होती, कारण २३० व्होल्ट एसीच्या खाली दडलेली डीसी नुसत्या मीटरला धड दिसत नाही. हे काम त्याचं आहे, घरी कुणी सॉकेटमध्ये वायरी घालून करून बघू नये. ड्रायर कमी वेगावर असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला. मी म्हटलं, दोनशेतीसमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे काय रे? त्याने ॲम्पचं झाकण उघडून आतला गोल ट्रान्सफॉर्मर दाखवला. तांब्याच्या तारेची जाड कडी, मध्ये एक बोल्ट.

या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणजे पट्टी गुंडाळून केलेलं अखंड कडं. त्यात कुठे फट नसते, म्हणून तो आटोपशीर असतो, एरवी शांत असतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसं सांडत नाही. पण फट नसल्यामुळेच त्याला डीसी अजिबात सोसत नाही. एसीला ट्रान्सफॉर्मर अडवतो, डीसीला मात्र समोर फक्त तारेचा रोध दिसतो, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो जेमतेम काही ओहम असतो. अर्धा व्होल्टसुद्धा तेवढ्याशा रोधातून इतका प्रवाह ढकलतो की गाभा एका बाजूला झुकतो, लाटेच्या त्या टोकाला चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि घुमायला लागतो. ड्रायर पूर्ण वेगावर गेला की दोन्ही अर्ध्या लाटा सारख्या ओढतो, डीसी उरत नाही, ट्रान्सफॉर्मर गप्प होतो.

मग माझ्या जुन्या पेटीने हे का थांबवलं नाही? दादा म्हणाला, नवी कोरी असती तरी थांबवलं नसतं. तिच्यात कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर आहे. तो मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, डिमर यांचा वरच्या पट्टीतला कचरा कापतो आणि ५० हर्ट्‌झला वाट देतो, द्यावीच लागते. त्याच वाटेने डीसीही जाते. मी रीजनरेटरच्या आधी एका आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचाही, म्हणजे भिंत आणि ॲम्प यांच्यामध्ये ठेवायच्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचाही विचार केला होता. तो टोरॉइडल असता तर ॲम्पची गुणगुण त्याच्याकडे गेली असती, खोलीतून नाही.

रीजनरेटरने थांबवलं हे खरंच, कारण तो वीज नव्यानेच बनवतो. पण दादाचं म्हणणं मला पटलं. एका आजारासाठी एवढं औषध कशाला? त्याने डीसी ब्लॉकर सुचवला. उलटसुलट जोडलेले दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्यांच्यावर ताण वाढू नये म्हणून डायोड, एवढंच काय ते. पेन्सिलच्या डब्याएवढी धातूची पेटी. तीही तयार, तपासलेली घ्यायची, कारण मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला जोडायची वस्तू आहे. मी विचारलं, त्यापेक्षा लेकीला ड्रायरचा वेग बदलायला सांगितलं तर? तो म्हणाला, शेजारी कुणी लावला तर त्याला काय सांगशील?

रीजनरेटर परत केला. जाताना वाईट वाटलं, कारण यंत्र उत्तम होतं आणि त्याने मला दोन स्वरांमधली ती रिकामी जागा पहिल्यांदा ऐकवली होती. ज्यांच्याकडे विजेची लाट खरोखरच बिघडलेली आहे त्यांना तो घ्या असं मी आजही सांगेन. ज्यांच्याकडे व्होल्टेज दोनशेच्या खाली आणि अडीचशेच्या वर हेलकावतं त्यांना मात्र साधा कंडिशनर उपयोगाचा नाही. गाळणीने पाण्याची पातळी बदलत नाही. तिथे स्टॅबिलायझर लागतो.

परत करण्याआधी एक गोष्ट मनाला लावून केली. ड्रायर बंद असताना, त्याच रेकॉर्डिंगवर, ॲम्प कधी भिंतीला, कधी जुन्या पेटीला, कधी रीजनरेटरला. नवऱ्याने वायर बदलायची, मी डोळे मिटून सांगायचं. पंखा ऐकू येऊन कळू नये म्हणून रीजनरेटर सतत चालूच ठेवला. शेवटी तिन्हींत मला फरक सांगता आला नाही. जे मी फरक म्हणून सांगितलं ते पुढच्या फेरीत उलटं पडलं. माझ्या कानावर माझा भरवसा आहे, म्हणूनच हे उत्तर मी मान्य केलं. चांगल्या ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर असतातच, आणि गाळायचं बरंचसं काम तिथेच होऊन गेलेलं असतं.

आता तो हिरवा दिवा. या सगळ्यात खरी काळजीची गोष्ट तीच होती आणि मी तिच्याकडे आवाजापुरतं बघत होते. पेटीच्या आत एमओव्ही असतात, बटणासारख्या चपट्या चकत्या. व्होल्टेज अचानक उसळलं की त्या ती उसळी स्वतःवर घेतात आणि प्रत्येक उसळीत थोड्या झिजतात. झिजता झिजता एक दिवस संपतात. गाणं तसंच वाजत राहतं, कानाला काही कळत नाही, सांगतो तो फक्त दिवा. म्हणजे माझी सगळी उपकरणं किती दिवस उघड्यावर होती कोण जाणे. घरी जाऊन, किंवा घरीच असाल तर आत्ता उठून, तो दिवा बघा.

आणि अर्थिंग तपासून घ्या. बोर्डला अर्थ नसेल तर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थला जोडलेले फिल्टरमधले कपॅसिटर पेटीच्या पत्र्याला मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात, हात लागला की झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण अर्थ नाही हे त्यावरून कळतं. स्पीकरमधून गुरगुर येते म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नका. आमच्याकडे संगणक जोडल्यावर तशी गुरगुर यायची. संगणक आणि ॲम्प वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटवर होते, दोघांच्या अर्थमधून वळसा तयार झाला होता. दोन्ही एकाच बोर्डवर आणले, गुरगुर गेली.

तर तेरा वर्षांच्या पेटीच्या जागी तशीच, साधी, नवी पेटी आली आहे. नव्या एमओव्हीची, हिरवा दिवा असलेली. ॲम्प तिच्यातून, मध्ये डीसी ब्लॉकर. दिवा कपाटाच्या सावलीत जायचा म्हणून पेटी हातभर पुढे ओढून ठेवली आहे, येता-जाता दिसावा.

काल संध्याकाळी सातला तेच रेकॉर्डिंग लावलं. आतून ड्रायरचा आवाज दाराआडून येत होता, कमी वेगावरचा. मी ॲम्पवर तळवा ठेवून उभी राहिले. पत्रा कोमट होता आणि स्थिर. पंचमाची तार एकटीच वाजत होती.