आईची रविवारची चप्पल

दुपारी मोठा कुकर काढायला माळ्यावर हात घातला आणि पेपरात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. पेपर पिवळा पडलेला, वर सुतळी आणि सुतळीला आईची गाठ. तिची गाठ मी कुठंही ओळखीन, दोनदा मारून परत तिसऱ्यांदा मारायची, सोडणाऱ्यानं दातच लावावेत. आत तिची रविवारची चप्पल.

चॉकलेटी, पट्ट्यावर पितळी बक्कल. मी पाचवीत असताना घेतलेली, म्हणजे तीसेक वर्षं झाली, रेक्झीन तडकलंय पण तळवा बघा तर कोरा, नंबराचा शिक्कासुद्धा पुसला नाही. कारण ही चप्पल आठवड्याला फक्त पंचवीस-तीस पावलं चालायची, चर्चच्या गेटपासून चर्चच्या दारापर्यंत.

घरून निघताना आईच्या पायात रोजची रबरी स्लीपर, एका हातात बायबलची चेनवाली पिशवी, दुसऱ्या हातात कॅरीबॅग. गेटपाशी आलं की लिंबाच्या झाडाला हात टेकून चप्पल बदलायची, स्लीपर कॅरीबॅगेत, कॅरीबॅग माझ्याकडे. मग डोक्यावर पदर, पाळकसाहेबांना सलाम, त्यांच्या मॅडमना सलाम, आणि दारात जाऊन चप्पल काढून ठेवायची! कारण बायका पुढं सतरंजीवर बसायच्या, आत चप्पल चालतच नव्हती.

"मग बदलतीस कामून?"

"गप चाल, घंटा झाली."

जालन्याची काळी माती पावसाळ्यात कशी असते ते जालनेकरांना सांगायला नको. बाकीच्या पोरींच्या मांडीवर गाण्याचं पुस्तक आणि माझ्या मांडीवर अर्धा किलो चिखल. एकदा प्रार्थनेत, सगळे डोळे मिटून बसलेले, पेटीवालाही थांबलेला, आणि कॅरीबॅग फाटली. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून बघितलं आणि प्रार्थना पुढं चालू ठेवली, थोडी लवकर संपवली असावी. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर मात्र वरणाला फोडणी देता देता एकटीच हसत सुटली.

लोक आता तिला भक्तीण भक्तीण म्हणतात. खरंय, पहाटे साडेचारला उठून गुडघे टेकायची, गल्लीत कुणी आजारी पडलं की पेज घेऊन हजर, मग ते घर कुणाचं का असेना. पण महिला मंडळात सगळ्यात भांडखोर हीच, हे कुणी सांगत नाही. कापणीच्या सणाला लिलाव असतो ना, त्यात स्वतः दिलेल्या भोपळ्यावर स्वतःच बोली लावून दुप्पट पैशात परत घरी आणायची, का तर पुढच्या ओळीतल्या बाईनं वीसच रुपये लावले. मग आठ दिवस भोपळ्याची भाजी. दुसऱ्या आठवड्यात घारगे.

आईची आजी बेथेलची. जालन्याजवळचं बेथेल, जे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. शेषाद्री स्वतः ब्राह्मण, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, आणि बेथेलसाठी जमीन मिळाली निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. हे मी नंतर वाचलं. आई यातलं काही सांगायची नाही, ती आजीचं एकच सांगायची. आजी शेजारच्या गावच्या बाजाराला निघाली की वेशीपाशी पायताण काढायची, हातात घेऊन अख्खी वरची आळी अनवाणी पार करायची आणि पलीकडं गेल्यावर घालायची. काढलं नाही तर काय व्हायचं ते आजीनं सांगितलं नव्हतं आणि आईनं विचारलं नव्हतं. आई हे चुलीपुढं भाकर थापत सांगायची, मध्येच "पाणी आण गं" म्हणायची आणि विषय संपायचा.

आता या दोन गोष्टी मी एकत्र करतेय, आईनं कधी केल्या नाहीत. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, चिखल लागतो म्हणून बदलत होते, तुला लई अक्कल आली.

मी घालून बघितली. माझा पाय मोठा, टाच मागून बाहेर. बहिणीला व्हिडिओ कॉल करून दाखवली तर ती म्हणे कुणाला तरी देऊन टाक, मग म्हणे नको थांब, मग रेंज गेली.

आई गेली तेव्हा आम्ही तिला पांढरी साडी नेसवली, पायात पांढरे मोजे घातले. मला एकदम चप्पल आठवली, शोधायला उठले तर मोठी मावशी म्हणाली, "पेटीत चप्पल ठिवत नसतेत बाई." मी परत बसले. सगळे रडत होते, त्यात कुठं वाद घालायचा. माझं म्हणणं एवढंच होतं की गेटपासून दारापर्यंत तिला लागली असती.