पाच कोटी सेंटिमीटरची कॉइल

गेल्या मे महिन्यात पॉलिटेक्निकच्या लॅबमधली जुनी कपाटं आवरताना एक हस्तलिखित वही हाती लागली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणा सरांनी लॅबमधल्या कॉइल्सची मापं तिच्यात नीट लिहून ठेवली होती. कॉइल्सही तिथेच होत्या, लाकडी पेट्यांमध्ये, क्रमांकांसकट. या नोंदी हेन्रीत, म्हणजे इंडक्टन्सच्या आजच्या एककात करून नव्या रजिस्टरमध्ये चढवायचं काम मी घेतलं. एका दुपारचं काम वाटलं होतं, चार दिवस लागले.

सात नंबरच्या कॉइलपुढे इंडक्टन्सच्या (कॉइल प्रवाहाच्या बदलाला किती विरोध करते, त्या मापाच्या) रकान्यात लिहिलं होतं: ५ कोटी सेंमी. सोबतच्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, ही तारेची लांबी का?" पाच कोटी सेंटिमीटर म्हणजे ५०० किलोमीटर. तळहातावर मावणाऱ्या कॉइलमध्ये एवढी तार कशी असेल?

उत्तर जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीत होतं. तिच्या विद्युतचुंबकीय शाखेत निर्वाताची पारगम्यता (चुंबकक्षेत्राला मिळणारी वाट) १ धरतात आणि तिला एकक देत नाहीत. मग इंडक्टन्सच्या सूत्रात ४π या नुसत्या आकड्याखेरीज उरतं काय? फेऱ्यांचा वर्ग, गुणिले क्षेत्रफळ, भागिले लांबी. म्हणजे एकक सेंटिमीटरच! यालाच पुढे ॲबहेन्री म्हणू लागले. १ हेन्री म्हणजे १ अब्ज ॲबहेन्री, म्हणून ५ कोटी सेंमी म्हणजे ०.०५ हेन्री, ५० मिलिहेन्री. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावला तर ४९.२ दाखवलं. इतक्या वर्षांनी एवढं जुळलं याचा मला फार आनंद झाला.

१ अब्ज सेंमी म्हणजे १०,००० किलोमीटर, साधारण उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर, पृथ्वीच्या परिघाचा चौथा भाग. म्हणूनच १ अब्ज सेंमीच्या या एककाला, म्हणजे हेन्रीला, आधी 'क्वाड्रंट' म्हणत. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेनं त्याला अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीचं नाव दिलं. कॉइल स्वतःच स्वतःतल्या प्रवाहाच्या बदलाला विरोध करते, हे त्यानं १८३२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. मला स्वतःला 'क्वाड्रंट' हे नाव फार आवडलं. विद्यार्थ्यांना हेन्री किती मोठा ते एका शब्दात कळतं.

खरी अडचण शेजारच्या रकान्यात होती. तिथे सीजीएसच्याच स्थिरविद्युत शाखेतली किंमत होती, त्या शाखेच्या एककात, स्टॅटहेन्रीत: दशांशचिन्हानंतर तेरा शून्यं आणि मग ५५६. दोन्ही शाखांना जोडणारा दुवा प्रकाशाचा वेग, एवढं मला ठाऊक होतं. विद्युतभाराचं रूपांतर करताना त्यानं एकदा गुणतात, तसंच इथेही गुणलं. उत्तर आलं ०.००१६७ सेंमी. हवे होते ५ कोटी. तीन दिवस मी शून्यं मोजत बसलो. वहीतच चूक असेल असंही मनात आलं, आणि त्या सरांबद्दल तसा विचार केल्याचं आजही वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी दोन उत्तरांचा भागाकार करून पाहिला. आला २९.९८ अब्ज. सेंटिमीटर-सेकंदात प्रकाशाचा वेग तेवढाच! म्हणजे मी त्यानं आणखी एकदा गुणायचं विसरलो होतो. आता कारण शोधायला वेळ लागला नाही. इंडक्टन्स म्हणजे व्होल्ट गुणिले सेकंद, भागिले अँपिअर. १ स्टॅटव्होल्ट म्हणजे २९९.७९ व्होल्ट, तर १ स्टॅटअँपिअर म्हणजे फक्त ०.३३३५६ नॅनोअँपिअर. प्रकाशाचा वेग एकदा वरून येतो, एकदा खालून, म्हणून वर्ग. भागाकार केला की १ स्टॅटहेन्री = ८९८.७५५ अब्ज हेन्री, म्हणजे ८९८.७५५ गिगाहेन्री. वहीतली तेरा शून्यं अगदी बरोबर होती.

किलो, मेगा, गिगा यांच्यात फरक तीन-तीन शून्यांचाच, तिथे अडायला होत नाही. पण आकडा किती मोठा याचा अंदाज हवा. जिनिव्हाजवळच्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगाचा अवाढव्य अतिवाहक चुंबक घ्या. त्याचा इंडक्टन्स सुमारे १४ हेन्री. मग किलोहेन्री भेटतो कुठे? विद्यार्थ्यांसाठी मी ११ केव्हीचा (११,००० व्होल्टचा) पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर घेतला, मोठा दाब मोजण्याजोगा लहान करणारा. फेजला ६,३५० व्होल्ट, चुंबकन प्रवाह समजा ५ मिलिअँपिअर, तर रिॲक्टन्स (प्रवाहाला होणारा अडथळा, व्होल्ट भागिले अँपिअर) १२.७ लाख ओहम. ५० हर्ट्झसाठी ३१४ नं (२π गुणिले ५०) भागलं की सुमारे ४,०४० हेन्री, चार किलोहेन्री. स्टॅटहेन्री मात्र कुठल्याच कॉइलमध्ये भेटायचा नाही, तो कागदावरच.

नव्या रजिस्टरमध्ये सात नंबरपुढे मी तिन्ही किमती लिहिल्या आणि खाली व्होल्ट-अँपिअरचा तो भागाकार पूर्ण मांडून ठेवला. पेटीवर नवं लेबल लावलं, ५० मिलिहेन्री. जुनं ५ कोटी सेंमीचं लेबल तसंच राहू दिलं.