वॉर्ट पातळ झालं? आधी लिटर मोजा

"अडीच किलो माल्ट घातलं, तरी रीडिंग १.०४२ च आलं. माल्ट खराब निघालं का?" घरी बीअर करू पाहणाऱ्या नवशिक्यांचा हा प्रश्न ठरलेला. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली.) बहुतेक वेळा माल्टचा काही दोष नसतो. पाणी मोजायचं राहून गेलेलं असतं.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून घरापुरती मुभा आहे. म्हणून खालचं सगळं यीस्ट घालण्याआधीचं आहे. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवतात, तो मॅश. तो गाळून मिळणारं माल्टचं गोड पाणी म्हणजे वॉर्ट, त्यात दारू नसते. हात बसवायला तेवढं पुरे.

आता हिशेब. १ किलो साध्या बार्ली माल्टमधली सगळी साखर १ लिटरमध्ये उतरली, तर जवळपास ३०० पॉइंट मिळतात. पॉइंट म्हणजे हायड्रोमीटरवरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवरचे) १.०००च्या पुढचे आकडे, १.०४२ म्हणजे ४२. अडीच किलोचे झाले ७५०. उतारा म्हणजे त्यातला प्रत्यक्ष पाण्यात उतरलेला वाटा. घरच्या भांड्यात ७० टक्के उतारा चांगलाच म्हणायचा, म्हणजे ५२५ पॉइंट. ते लिटरने भागायचे. शेवटी साडेदहा लिटर उरलं तर रीडिंग १.०५० येतं, साडेबारा उरलं तर १.०४२. दोन्हीकडे साखर तितकीच, उताराही तितकाच. दुसऱ्या पातेल्यात दोन लिटर पाणी जास्त आहे, एवढंच. उलट १.०५० पाहून खूश झालात आणि पातेल्यात आठच लिटर असलं, तर उतारा ५३ टक्के पडला. नुसत्या रीडिंगवरून काहीच कळत नाही, सोबत लिटर लिहिलेच पाहिजेत.

त्यासाठी पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतत जा आणि स्टीलच्या पट्टीवर दर लिटरला खूण करा. उकळतं वॉर्ट गार झाल्यावर सुमारे ४ टक्के आकसतं, हे विसरू नका. मग त्याच पातेल्यात, त्याच शेगडीवर नुसतं पाणी तासभर उकळून किती आटतं ते बघा. पसरट पातेल्यात तासाला अडीच लिटर सहज जातं, उभ्या डब्यात कमी. चोथा किलोमागे जवळपास १ लिटर पाणी धरून ठेवतो. जाळीची पिशवी पिळली तर कमी. म्हणजे गार झाल्यावर साडेदहा लिटर (त्यात अर्धा लिटर तळाचा गाळ) हवं असेल, तर उकळीअखेर ११, आटणारं अडीच आणि चोथ्याचं अडीच धरून १६ लिटर पाणी घ्यायचं.

रीडिंगही फसवतं. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. मे महिन्यात परभणीत वॉर्ट "गार" झालं तरी ४० अंशांवर असतं आणि तिथे ५-६ पॉइंट कमी दिसतात. नमुना बर्फाच्या पाण्यात धरून २० अंशांवर आणा, मगच वाचा. थर्मामीटर छत्रपती संभाजीनगरात उकळत्या पाण्यात ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे. शहर साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे, तिथे पाणी तेवढ्यावरच उकळतं.

एवढं करूनही उतारा ६० च्या खाली असेल, तर पहिला संशय भरडीवर घ्या. मूठभर भरड तळहातावर पसरा. टरफल लांबट, जवळपास अख्खं राहिलेलं आणि आतला दाणा चार-सहा तुकड्यांत फुटलेला दिसला पाहिजे. अख्खे दाणे दिसले तर त्यातली साखर गेलीच समजा. पिठाच्या गिरणीत मात्र टरफलाचंही पीठ होतं आणि गाळताना लगदा अडतो.

दुसरं कारण आपलं बोअरचं पाणी. हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरणारं पाणी मॅशचा पीएच वर ढकलतं आणि स्टार्चची साखर करणारे माल्टमधले एन्झाइम मंदावतात. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा. पाणी आदल्या रात्री २० मिनिटं उकळून ठेवा आणि सकाळी तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. निव्वळ आरओचं पाणी घेतलं तर त्यात कॅल्शियम नसतं. १० लिटरला २ ग्रॅम खाण्यायोग्य जिप्सम घाला.

मॅश ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवायचा, आणि माल्ट घालताना गुठळ्या फोडायच्याच. शेवटी पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी वेळ द्या. थेंब फेकून द्या. ज्वारी घालायची हौस असेल तर, मालदांडी असो की परभणी मोती, कण्या आधी शिजवून घ्या. कच्च्या ज्वारीचा बराचसा स्टार्च ६६ अंशांवर उलगडतच नाही.

उकळण्याआधीच रीडिंग कमी दिसलं तर वेळ हातात असते. गार मोजून १३ लिटर वॉर्ट १.०३५ वर असेल तर ४५५ पॉइंट आहेत. ते ९.१ लिटरपर्यंत आटवलं की १.०५० मिळतं. साडेदहा लिटरच हवं असेल तर कमी पडलेल्या ७० पॉइंटसाठी सुमारे १९० ग्रॅम माल्ट अर्काची भुकटी घाला, तीही आच बंद करून, ढवळत. नाहीतर ती तळाला बसून करपते.